परदेशी पाठवणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
परमआदरणीय संचालक, मुख्य समुपदेशक व स्वप्नपूर्तीचे शिल्पकार साहेब,
परदेशी उच्चशिक्षण मार्गदर्शन केंद्र,
दादर पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट बंद.

सप्रेम जय भीम.

पत्रास कारण की, आपले आभार तोंडी मानायची फार इच्छा होती. त्यासाठी आलोही होतो. पण आपण मीटिंगमध्ये आहात असं बाहेरच्या मुलीने सांगितलं. काचेपलीकडे आपण एकटेच वडापाव खाताना दिसत होता, तेव्हा मीटिंग महत्त्वाची असणार हे ओळखून परत फिरलो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आपलं नाव लिहीत नाही, राग नसावा. आपल्यासारखे थोर पुरुष दादरपासून ठाण्यापर्यंत इतके झालेत की एकाचंच नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

माझी ओळख आपल्याला नसेल. मी वडाळ्याचा. बंदरात टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरलेला माल आणि कागदावर लिहिलेला माल एकच आहे का, हे पाहण्यात अख्खी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, पण खोड जात नाही. माझी धाकटी बहीण वडाळ्यातच पागडीच्या खोलीत राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, आपल्या कृपाछत्राखाली आली होती. तिला सार्वजनिक आरोग्यात एमएस्सी करायचं आहे. १८९० सालच्या ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या कुंपणावरून रोज शाळेत गेलेल्या मुलीला हा विषय का सुचला, हे मला विचारावं लागलं नाही. आपण मात्र विचारलंत, "त्यात स्कोप काय? डेटा ॲनालिटिक्स घ्या." आपल्या या दूरदृष्टीला माझा पहिला नमस्कार.

दुसरा नमस्कार आपल्या फलकाला. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर रांग लागते, त्या रांगेच्या बरोब्बर डोक्यावर आपण तो लावला होता. डावीकडे विठोबा, उजवीकडे लंडनचं घड्याळ, मध्ये आपण, हात जोडून. खाली मजकूर: 'आता वारी थेट परदेशी! शंभर टक्के स्कॉलरशिप!! सल्ला मोफत!!!' उद्गारचिन्हं मी मोजली. सल्ल्याला सगळ्यांत जास्त होती.

आणि सल्ला खरंच मोफत होता, हे मी कोर्टातही सांगेन. एसी होता, पाणी थंड होतं, कॉफीसुद्धा मिळाली. पैसे लागले ते फक्त फाइल उघडण्याचे. मग उद्देशपत्राच्या 'पॅकेज'चे. मग व्हिसा साहाय्याचे. मग कुरिअरचे. सल्ल्याचा एक पैसा आपण घेतला नाहीत, याबद्दल आम्ही सगळं कुटुंब ऋणी आहोत.

मला प्रश्न पडला होता की एवढं भाडं, एवढा एसी, एवढ्या टाय लावलेल्या मुली, हे सगळं आपण कुठून भागवता? मग कळलं. विद्यार्थी जाऊन दाखल झाला की त्याच्या पहिल्या वर्षाच्या फीमधला ठरावीक टक्का परदेशातलं विद्यापीठ आपल्याला पाठवतं. यात बेकायदा काही नाही. जगभर चालतं. आमच्या बंदरातही जहाजाचा एजंट कमिशन घ्यायचा. फरक इतकाच की तो माणूस स्वतःला एजंट म्हणवून घ्यायचा आणि त्याचा आकडा बिलावर छापलेला असायचा. आपण विनयशील. आपण 'समुपदेशक' म्हणवता आणि आकडा मनातच ठेवता.

आता त्या शंभर टक्क्यांबद्दल आभार मानतो. भाचीच्या हातात आपण जे पत्र ठेवलंत त्यात एकोणीस हजार पाचशे पौंड फी आणि 'आपल्या असामान्य शैक्षणिक गुणवत्तेची दखल घेऊन' तीन हजार पौंडांची शिष्यवृत्ती होती. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटायचे का, असं तिने मला विचारलं.

बाहेर बाकावर मुलुंडची एक मुलगी आणि कल्याणचा एक मुलगा बसला होता. त्यांच्या हातातही तेच पत्र. तीच असामान्य गुणवत्ता, तेच तीन हजार पौंड. कल्याणच्या मुलाचे दोन विषय अजून एटीकेटीत होते, त्यामुळे त्याला स्वतःच्या असामान्यतेचं माझ्याहून जास्त आश्चर्य वाटत होतं. दादरच्या सेलमध्ये आधी किंमत चढवून लेबल लावतात आणि मग लाल शाईने खोडतात, तसला हा प्रकार. साडीला मात्र कोणी शिष्यवृत्ती मिळाली म्हणत नाही.

बरं, शंभर टक्के म्हणजे काय, हे मी नम्रपणे विचारलं. आपल्या मदतनीस मुलीने तितक्याच नम्रपणे समजावलं, "अंकल, शंभर टक्के विद्यार्थ्यांना मिळते." एकोणीस हजार पाचशेमधून तीन हजार वजा केले की साडेसोळा हजार उरतात. ते कोणी भरायचे, याचं समुपदेशन मात्र पुढच्या टेबलावर होतं. तिथे कर्जवाला बसला होता.

त्या कर्जवाल्याशी गाठ घालून दिल्याबद्दलही धन्यवाद. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे सहसा मागतात, हे त्याने सांगितलं नाही. खासगी फायनान्सचा फॉर्म सरळ पुढे सरकवला. तारण काय, असं विचारलं. बहीण म्हणाली, खोली आहे. पागडीची खोली बँकेत तारण होत नाही, हे मुंबईतल्या पोराटोराला माहीत. पण त्याने "मामांची पेन्शन आहे ना?" म्हणत माझ्याकडे ज्या प्रेमाने पाहिलं, तसं माझ्या बायकोनेही कधी पाहिलं नाही.

खर्चाची काळजी करू नका, असंही आपण धीर देऊन सांगितलंत. "काका, पार्ट टाइममध्ये फी निघते." मी जुना कारकून. पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शिक्षण चालू असताना ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास कामाची परवानगी. २०२५ च्या एप्रिलपासूनचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. म्हणजे आठवड्याला २४४ आणि महिन्याला हजाराच्या जेमतेम वर. आता लंडनमध्ये राहायला महिन्याला किती पैसे दाखवावे लागतात, तर ब्रिटिश गृहखात्याचाच आकडा सुमारे दीड हजार पौंड. म्हणजे पोरीने एकही सुट्टी न घेता भांडी घासली तरी तिचं राहणं-खाणंसुद्धा निघत नाही. फी कुठल्या पार्ट टाइममधून निघते, तेवढं कळवावं. आपल्याच ऑफिसातली एखादी जागा असेल तर तसं सांगावं.

पैसे दाखवण्यावरून आठवलं. व्हिसासाठी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. आमच्याकडे नाही म्हटल्यावर आपण आवाज खाली आणून म्हणालात, "त्याची व्यवस्था होते. महिनाभराचं व्याज द्या, खात्यात पैसे दिसतील." बंदरात असतो तर अशा मालाला आम्ही वेगळं नाव दिलं असतं आणि कस्टमवाल्याला हाक मारली असती. इथे एसीत बसून ते ऐकताना कसं सुसंस्कृत वाटलं.

आपल्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठाबद्दल तर काय बोलावं! परदेशी हिरवळीवर नवरा, बायको, कडेवर मूल, सगळे हसत आहेत. २०२४ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये शिकवणीच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना कुटुंब नेता येत नाही. पदवीनंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षंही जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर येणार आहेत. पुस्तिकेतलं मूल मात्र आहे तिथेच हसतं आहे. इतकं स्थिर सुख सरकार बदललं तरी ढळत नाही, हे पाहून धीर येतो.

उद्देशपत्राचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. भाचीने स्वतः लिहिलेलं दोन पानी पत्र आपण बाजूला ठेवलंत. "फार साधं आहे, इमोशन नाही." मग आपल्या तज्ज्ञांनी नवीन लिहिलं. ते मी चष्मा पुसून वाचलं. पहिल्या परिच्छेदात ती लहानपणापासूनच जग बदलायला निघाली होती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'गुंटूरच्या मिरची शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मी दुष्काळ जवळून पाहिला आहे.' साहेब, वडाळ्याच्या बंदर कामगाराच्या भाचीला आपण एका ओळीत आंध्रात नेलंत, शेती दिलीत आणि मुलगाही केलंत. एवढं सामाजिक परिवर्तन इतक्या कमी पैशांत आजवर कोणी केलेलं नाही.

शिफारसपत्रंही आपणच लिहून देणार होता. "सर फक्त सही करतील." भाचीच्या माटुंग्याच्या कॉलेजातल्या बाईंनी ते वाचलं, फाडलं आणि स्वतः बसून नवं लिहिलं. त्यांना इमोशन कळत नाही, माफ करा.

आता त्या उपकारांकडे येतो जे आपण गुपचूप केलेत. खऱ्या दानशूराची हीच खूण.

भाचीच्या हातात पदवी होती, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र होतं, उत्पन्नाचा दाखला होता. एवढे कागद समोर असताना आपण तिला राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल एक शब्दही सांगितला नाहीत. पोरीचा गोंधळ उडू नये, हा आपला हेतू असणार. ही योजना २००३ पासूनची. अनुसूचित जातींतले ७५ विद्यार्थी दरवर्षी, फी, राहण्याचा खर्च, विमानाचं भाडं, सगळं. अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत.

आणि आपण तिच्यासाठी निवडलेलं विद्यापीठ? मी यादी बोटाने खाली खाली सरकवत गेलो. दोनशे संपले. पाचशे संपले. माझा अंगठा दुखला, पण नाव आलं नाही. म्हणजे आपल्या विद्यापीठात पाऊल टाकताक्षणी पोरीसाठी सरकारी दार आपोआप बंद झालं असतं. फी मात्र सगळी खिशातून गेली असती आणि तिचा टक्का आपल्याकडे आला असता. किती सुबक मांडणी!

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आपल्याकडून राहून गेली. तिच्या १२५ जागा. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. वयाची अट ३५. उत्पन्नाची मर्यादा इथेही ८ लाख. मुलुंडच्या मुलीला मराठा-कुणबी समाजासाठीच्या 'सारथी' संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती चालली असती का, ओबीसी किंवा खुल्या वर्गासाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत त्यांत ती बसते का, हेही आपण विचारलं नाहीत. जात विचारणं असभ्य, हा आपला संस्कार मला भावला.

जातीशी संबंध नसलेल्याही पुष्कळ. युरोपातली इरास्मस मुंडुस २००४ पासूनची. ब्रिटिश सरकारची चेवनिंग १९८३ पासूनची. चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. दोन्हींचा अर्ज फुकट. आपल्याच मुंबईतला जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून होतकरूंना कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. यांतलं एक नावसुद्धा आपल्या भिंतीवर नव्हतं. भिंतीवर जागा नसेल. जगाचा नकाशा फारच मोठा लावलाय आपण.

आपली अडचण मी समजू शकतो. या सगळ्यांत आपल्याला कमिशन नाही. मूल कोलंबियाला गेलं काय, एडिनबरोला गेलं काय, सरकारने फी भरली की आपल्या ऑफिसात एक कप कॉफी वाया गेली. तरीही मी आपल्याला विचारलं, "सरकारी शिष्यवृत्तीचं काय?" तेव्हा आपण हसून म्हणालात, "काका, सरकारचं काही खरं नाही."

हे मात्र आपलं एकमेव खरं वाक्य, म्हणून त्याची कदर करतो. २०२५ मध्ये केंद्राने नॅशनल ओव्हरसीजसाठी १०६ जणांची निवड केली आणि सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं दिली. बाकीच्यांना सांगितलं, निधी आला की पाहू. २०२४ मध्ये राज्याच्या योजनेतही गुणांच्या आणि फीच्या अटी कडक झाल्या. विद्यार्थ्यांनी ओरड केली तेव्हा कुठे लक्ष गेलं. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात जातो आणि पोरं यादीची वाट बघत बसतात. तोवर तिकडे विद्यापीठाची अनामत भरायची तारीख उलटते. सरकारने एकेक तारीख चुकवली की आपल्या बाकावर एकेक पोर येऊन बसतं. आपला सर्वांत निष्ठावान भागीदार मंत्रालयातच बसतो. त्याला दिवाळीला मिठाई पाठवत जा. त्याने आपल्यासाठी जेवढं केलंय तेवढं त्या आषाढीच्या फलकानेही केलेलं नाही.

आपण ११० वर्षं उशिरा जन्मलात याचंही मला राहून राहून समाधान वाटतं. १९१३ साली परळमध्ये राहणाऱ्या एका तरुणाच्या वडिलांचं निधन झालं होतं. घरात खाणारी तोंडं होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करीन, असा करार लिहून घेतला. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. पुढे लंडनचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं. तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राची उसनवारी, एवढ्यावर १९२० मध्ये तो पुन्हा गेला.

समजा, १९१३ मध्ये तो दादरला आपल्या ऑफिसात आला असता. आपण त्याची फाइल चाळली असती. "बीए कशात? इंग्रजी आणि फारसी? फारसीला स्कोप काय? वडील काय करायचे? सैन्यात सुभेदार होते? आता नाहीत? म्हणजे तारण नाही. हे बघ भीमराव, कोलंबिया तुझ्या प्रोफाइलला जड जाईल. आमचं एक कॉलेज आहे वेल्समध्ये, शंभर टक्के स्कॉलरशिप. फाइल उघडून टाक." संविधान कोणी लिहिलं असतं माहीत नाही, पण त्याचं उद्देशपत्र आपण छान लिहिलं असतंत. त्यात तो गुंटूरचा शेतकरी असता.

गंमत बघा. ज्यांनी त्याला पाठवलं ते सयाजीराव आणि ज्यांनी त्याला सावरलं ते शाहू महाराज, या दोघांचीच नावं आज राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्यांना आहेत. ती नावं आपल्या तोंडून ऐकायची होती. ऐकायला मिळाली नाहीत.

आमच्या वडाळ्यात सिद्धार्थ विहार होतं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं वसतिगृह. मराठवाड्या-विदर्भातून पत्र्याची पेटी घेऊन पोरं यायची. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली तेव्हाची किती भाषणं, किती पत्रकं, किती भांडणं त्याच खोल्यांमधली. ज्याला इंग्रजी यायचं तो दुसऱ्याचा अर्ज लिहून द्यायचा. अर्ज लिहून देणाऱ्याने फाइल चार्ज घेतल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. मागासलेपणा, दुसरं काय.

आता मुख्य आभार. हे पत्र खरं तर यासाठीच.

भाचीचे अर्ज भरताना आपण तिचा ईमेल घेतला नाहीत. आपल्या ऑफिसनेच तिच्या नावाचा एक नवा ईमेल काढला आणि पासवर्ड आपल्याकडेच ठेवला. "मुलं मेल बघत नाहीत, आम्ही ट्रॅक करतो." केवढी ही माया! आपल्या त्या दोनशेबाहेरच्या विद्यापीठाचे मेल आले की अर्ध्या तासात फोन यायचा. "अभिनंदन! डिपॉझिट कधी भरताय?"

भाचीने हट्टाने आणखी एका विद्यापीठात अर्ज करायला लावला होता. क्रमवारीत वरचं, पहिल्या दोनशेतलं, कमिशनच्या यादीत नसलेलं. तिकडून काहीच आलं नाही, असं आपण सांगत राहिलात. शेवटी तिने स्वतःच्या ईमेलवरून त्यांना विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रवेश मार्चमध्येच दिला होता. त्याच पत्रात लिहिलं होतं की त्यांच्या विभागाच्या पूर्ण फीमाफीच्या शिष्यवृत्तीसाठी तिचं नाव विचारात घेतलं जाईल, त्यासाठी एक पानाचा निबंध पाठवा. मुदत एप्रिलअखेर. आम्ही विचारलं तेव्हा जून उजाडला होता.

ते पत्र ना टपालात हरवलं, ना पोस्टमनने फेकलं. आपल्याच संगणकात, आपण काढलेल्या पेटीत ते येऊन पडलं होतं. मी विचारलं तेव्हा आपण म्हणालात, "स्पॅममध्ये गेलं असेल काका." साहेब, माल धक्क्यावर उतरलेला, पावती झालेली, गोदामाची किल्ली आपल्या खिशात, आणि मालकाला सांगितलं की जहाजच आलं नाही. बंदरात याची चौकशी लागते. आपल्याकडे याला ट्रॅकिंग म्हणतात.

मी चिडलो असं समजू नका. बहीणही चिडली नाही. तिने फक्त पेढ्यांचा बेत रद्द केला. भाची दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग उठून तिने स्वतःचं ते जुनं, साधं, इमोशन नसलेलं दोन पानी पत्र कपाटातून काढलं. यंदा सगळे अर्ज ती स्वतः भरते आहे. स्वतःच्या ईमेलवरून. आधी शिष्यवृत्तीची यादी समोर घ्यायची, तिच्या अटीत बसणारी विद्यापीठं निवडायची आणि मगच अर्ज करायचा, हा उलटा क्रम तिला आपल्यामुळेच सुचला. आपल्याकडे आधी विद्यापीठ ठरतं, मग कर्ज ठरतं आणि शिष्यवृत्ती फलकावर राहते.

आपल्याकडून आणखीही एक गोष्ट शिकलो, म्हणून थोडी गुरुदक्षिणा देत आहे. दर रविवारी संध्याकाळी आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहात फळा लावतो. भाची लिहिते, मी तपासतो. डाव्या बाजूला शिष्यवृत्तीचं नाव, मग अट, मग तारीख. उजवीकडे कागदपत्रं. दाखले काढायला वेळ लागतो म्हणून ते उन्हाळ्यातच काढून ठेवायचे, असं वर मोठ्या अक्षरात. पहिल्या रविवारी मुलुंडची ती मुलगी आली. कल्याणचा तो असामान्य मुलगाही आला. एटीकेटी सुटल्या म्हणाला. कोणत्याही जातीचं पोर येऊन बसतं. कॉफी नाही, चहा आहे. लिफ्टही नाही, पण सभागृह तळमजल्यावर आहे.

यातून आपल्या धंद्याला थोडा तोटा संभवतो, याची जाणीव आहे. तरी आपण मोठ्या मनाचे आहात, म्हणून काही विनंत्या करण्याचं धाडस करतो.

पहिली, आपल्या दारावर प्रत्येक विद्यापीठापुढे आपला टक्का लिहावा. ग्राहक शहाणा झाला तर त्यालाही आपला अभिमानच वाटेल.

दुसरी, सवलतीला सवलत म्हणावं. तीन हजार पौंड कमी होतात ही चांगलीच गोष्ट आहे, त्यासाठी कोणाला असामान्य ठरवायची गरज नाही.

तिसरी, भाचीच्या मूळ गुणपत्रिका अजून आपल्या 'सेफ कस्टडी'त आहेत. त्या इतक्या सेफ आहेत की मागूनही सापडत नाहीत. पुण्याला अर्ज पाठवताना त्या लागतील.

चौथी, त्या ईमेलचा पासवर्ड कळवावा. त्यात अजून किती जहाजं येऊन थांबलीत ते पाहायचं आहे. आणि तिच्या आधी ज्या पोरांचे असे ईमेल आपण काढलेत त्यांचेही पासवर्ड ज्याचे त्याला पोचते करावेत. जमत नसेल तर तसं लेखी द्यावं. आमच्याकडे जुन्या सवयीने दोन प्रतींत पावती लागते.

उत्तर आपल्या सोयीने द्यावं, घाई नाही. ग्राहक मंचाची तारीख अजून लागायची आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक मामा,
वडाळा, मुंबई.